फ्लॅट ओनर्स ग्रुप, अनगोळ (बेळगाव): ती पहाटेची टर्रटर्र

३०२ काकू (सकाळी ६.०४): आज पण. पाच पन्नासला सुरू झालं ते सहाला संपलं. टर्रर्र टर्रर्र आणि मग नुसतं टक टक टक. नातू आत्ता कुठे झोपला होता. नाव घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळलं.

२०४ (६.३१): काकू सॉरी, मीच. वॉचमन आणि दूधवाल्यानं गेटच्या उतारावर बाईक ढकलली तेव्हा सुरू झाली, फर्स्ट शिफ्टला दहा मिनिटं लेट.

३०२ काकू: गेल्या आठवड्यात पण सॉरीच होतं.

बुलेट अण्णा: बॅटरी गेली बघ ती. बदलून टाक की. ५ एएच (अँपियर-अवर, बॅटरीत मावणारी वीज) चं काय खेळणं लावलायस, सरळ ९ ची घाल, एका बटणात उठतंय.

२०४: अण्णा दिवाळीत बदललो न्हवं. आठ महिने झालेत. मेकॅनिकनं काल बघितलं पण नाही, लांबूनच कन्नडमधे म्हटला "होग्यद री", गेली म्हणे.

४०१: किक मार की बा सकाळी, बटण कशाला.

२०४: किकच नाही हो गाडीला. बीएस सहा (प्रदूषणाच्या नवीन नियमाची) आहे, इंजेक्शनवाली.

सुभेदार मामा: आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या वर पाहिजे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ च्या खाली म्हणजे उपाशी. मग बटण दाबताना काटा किती खाली येतो ते बघा, १० च्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय. मग गाडी चालू करून रेस द्या, १४ च्या आसपास पाहिजे. हे तीन आकडे माहीत नसताना पैसे खर्च करू नका.

बुलेट अण्णा: मामा हा रणगाडा न्हवं, बाईक हाय 😄

सुभेदार मामा: रणगाड्याला पण मल्टिमीटरच लावत होतो.

सेक्रेटरी: नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. जूनचा मेंटेनन्स तीन जणांचा बाकी आहे.

३०२ काकू: मग झोप मोडणे हे कुणाचं काम आहे?

बंट्या १०१: सीमाप्रश्नाआधी हा प्रश्न सुटूदे बाबा 🙏

२०४: मामा तुमचा मीटर द्याल काय संध्याकाळी? आणि चार्जर मित्राकडून आणलाय, तो पार्किंगच्या प्लगला रात्रभर लावला तर चालेल ना?

सेक्रेटरी: पार्किंगचा प्लग वापरायचा नाही असा ठराव झालेला आहे. कशामुळे झाला ते सगळ्यांना माहीत आहे.

४०१: कुणाबद्दल बोलूलालाय स्पष्ट बोला. माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरचा सब-मीटर मी स्वतःच्या पैशानं बसवलोय.

सेक्रेटरी: बसवला तो ठराव झाल्यावर. आधीच्या चार महिन्यांचं हेस्कॉमचं वीजबिल ग्रुपवर टाकू काय परत?

४०१: टाका. जिन्यातला बल्ब दिवसा चालू असतो त्याचं पण टाका.

सुभेदार मामा: चार्जर कुठला आहे ते आधी सांगा. ५ एएच च्या बॅटरीला अर्धा अँपियर पुरे, म्हणजे दहावा हिस्सा. कारचा चार्जर असेल तर लावू नका, सील बॅटरी फुगते. आणि त्याच्याही आधी मल्टिमीटर लावा.

२०४: कारचाच आहे.

सुभेदार मामा: परत द्या. माझा छोटा घेऊन जा. बॅटरी काढून घरात आणायची, हॉलमध्ये ठेवायची, म्हणजे प्लगचा प्रश्नच नाही. काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. उलटं केलं आणि पाना चेसीला टेकला की ठिणगी.

बुलेट अण्णा: एवढं करण्यापेक्षा नवीन आण. कोल्हापूरला ओळखीचा आहे, तिकडं स्वस्त.

बंट्या १०१: अण्णा जीएसटी दोन्हीकडं एकच. स्वस्त म्हणून आणलं आणि वॉरंटीला परत कोल्हापूर गाठायचं, पेट्रोल कोण घालणार? पेट्रोल भरायला तिकडची माणसं इकडं येतात 😂

लीला आज्जी: कोल्हापूरला कोण जातंय? येताना माझी औषधं आणा.

३०२ काकू: कोणी जात नाही आज्जी. माझं एकच म्हणणं आहे, सहाच्या आत सुरू होत नसेल तर गेटबाहेर ढकलून न्या आणि तिथे काय ते करा.

२०४ (संध्याकाळी ७.२०): मीटर लावला मामांसोबत. उभ्या गाडीला १२.१. बटण दाबल्यावर ८.९. चालू करून रेस दिल्यावर १२.५, वर जाईचना.

सुभेदार मामा: वर जात नाही म्हणजे गाडी बॅटरीला खायलाच देत नाही. नवीन घातली असती तर दोन महिन्यात तिचंही हेच. सीटखाली रेक्टिफायरचा (इंजिनकडची वीज बॅटरीला चार्जिंगला देतो तो) कपलर, म्हणजे तारांचा जोड, काढून बघितला, एक पिन काळी पडलेली, प्लॅस्टिक वितळून तिला चिकटलेलं. पावसाचं पाणी गेलेलं आहे. जुलैत अनगोळला काय कमी पाऊस. शिवाय साहेबांनी दोन फॉगलाईट लावलेत, तारा थेट बॅटरीला.

बंट्या १०१: चोर्ला घाटात धुकं असतंय म्हणून 😎

सुभेदार मामा: घाटात महिन्यातून एकदा. रोजचा रस्ता अनगोळ ते उद्यमबाग, सात मिनिटं. दोन दिवे, प्रत्येकी २० वॉटचे, म्हणजे तीन अँपियरच्या वर. हेडलाईट २०१७ पासून कंपनीच बंद करू देत नाही, ते वेगळंच. एवढे दिवे चालू असताना बटण दाबल्यावर जे जातं ते सात मिनिटात पुरं भरेलच असं नाही. त्यात वाटेत रेल्वेचं फाटक पडलं की इंजिन मंद, दिवे चालूच.

२०४: परवा गाडी बंद करून फॉग चालू राहिला होता रात्रभर 🙈

३०२ काकू: आणि झोप माझी गेली.

बुलेट अण्णा: म्हणजे ९ एएच घातली असती तर चाललं असतं.

सुभेदार मामा: ट्रेमध्ये बसणार नाही. बसवलीच तरी गाडीची वीज तयार करणारी कॉइल तीच, वाटी ऐवजी घागर घेतली म्हणून नळाची धार वाढत नाही. शिवाय प्लस डावीकडं की उजवीकडं ते जुन्यासारखंच पाहिजे, नाहीतर तार ताणून लावतात आणि कशाला तरी घासून शॉर्ट होते. जुनीवर जो नंबर आहे तोच.

२०४: जुनी चार्ज करून चालेल काय मामा?

सुभेदार मामा: रात्रभर चार्ज करून बघूया. सकाळी १२.६ राहिली आणि बटण दाबताना १० च्या वर टिकली तर ठेवा. पण इतक्या वेळा उपाशी झोपलेली बॅटरी परत चार्ज अंगावर घेत नाही, आत प्लेटवर पांढरा थर धरतो.

२०४ (दुसऱ्या दिवशी दुपारी १.१०): मामा, सकाळी १२.३ आणि बटणाला ९.१. गेली. कपलर नवीन बसवला, आता रेसला १४.२ येतंय 💪 फॉगला रिले लावली, चावी बंद की फॉग बंद. गोवावेसला बॅटरी बघूलालो, दोन दुकानं झाली. पहिल्यानं काढून दिली त्यावर धूळ होती, थर लावल्यासारखी.

सुभेदार मामा: तारीख बघितलीस काय? सील बॅटरी कपाटात पण रिकामी होत असते. काउंटरवरच मीटर लाव, १२.६ च्या खाली असेल तर दुसरी माग. वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख, गाडीचा नंबर, आणि बिल. शिक्का मारायला उद्या या म्हटला तर घेऊ नको. जुनी त्याला दे, किमतीत वजा करतोय, अंगणात ठेवू नको.

२०४: दुसऱ्याकडं १२.७ दाखवलं. घेतली. शिक्का डोळ्यासमोर मारून घेतला, ते पोर रागानं बघत होतं.

सेक्रेटरी: अभिनंदन. तीनपैकी एकाचा मेंटेनन्स आला, दोन बाकी.

बुलेट अण्णा: माझी बुलेटची बॅटरी पाच वर्षं. काय शिक्का न्हवं काय न्हवं. पाणी कमी झालं की विहिरीचं गाळून घालतो.

सुभेदार मामा: विहिरीचं!! अण्णा, डिस्टिल्ड घालायचं असतंय. ती पाणी घालायची जुनी बॅटरी आहे, पाणी खालच्या आणि वरच्या रेषेच्या मधे ठेवायचं, ॲसिड पण परत घालायचं नाही. विहिरीतले क्षार प्लेटवर बसतात.

बुलेट अण्णा: आमच्या विहिरीचं पाणी अख्खी गल्ली पीत होती.

बंट्या १०१: गल्लीला प्लेट नव्हत्या अण्णा.

३०२ काकू (पुढच्या सोमवारी ६.०२): परत टर्रर्र. टक टक. सांगून सुद्धा. २०४, मला वाटलं होतं संपलं.

२०४ (६.१०): काकू माझी या आठवड्यात सेकंड शिफ्ट. अंथरुणातच आहे, गाडी खाली झाकून. काल एका बटणात उठली, विचारा वॉचमनला.

३०२ काकू: मग कोण?

सुभेदार मामा: मला वरून दिसतंय. मीटर घेऊन खाली येतोय.

बुलेट अण्णा: यायची गरज नाही मामा, किक मारूलालो.