मदत हवी आहे: डिस्नेचे टाइमशेअर पॉइंट घ्यावेत का? न वापरलेले भाड्याने देऊन मेंटेनन्स सुटतो का?

पारिजात_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी, नवरा आणि दोन मुलं (वय ६ आणि ९). एका उन्हाळ्यात भारत आणि एका उन्हाळ्यात ऑर्लँडो, असं आता घरात ठरूनच गेलंय. ऑर्लँडोला आम्ही ऑगस्टच्या शेवटी जातो, शाळा सुरू व्हायच्या आधी. दर वेळी हॉटेलचं बिल बघून एकच विषय निघतो, की डिस्ने व्हेकेशन क्लबचे पॉइंट घेऊन टाकावेत का. यंदा तो विषय बोलण्यावरून कोटेशनपर्यंत पोचलाय, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या रिसॉर्टमध्ये ठरावीक वर्षांसाठी राहण्याचा हक्क आधीच विकत घेणं. हा क्लब १९९१ मध्ये सुरू झाला. तुम्ही एका विशिष्ट रिसॉर्टचे पॉइंट घेता, ते तुमचं होम रिसॉर्ट. दर वर्षी तेवढे पॉइंट खात्यात जमा होतात आणि त्यातून खोली बुक करायची. होम रिसॉर्टला ११ महिने आधी बुकिंग मिळतं, बाकीच्या ठिकाणी ७ महिने आधी. एका वर्षाचे पॉइंट पुढच्या वर्षात टाकता येतात (याला बँक करणं म्हणतात), पुढच्या वर्षाचे आधी उचलताही येतात. दर वर्षी मेंटेनन्स भरावा लागतो, राहा किंवा राहू नका. आणि कराराला शेवटची तारीख असते.

थेट डिस्नेकडून घ्यायचे तर पॉइंटला २०० डॉलरच्या पुढे भाव आहे, तो आम्ही बादच केला. रीसेलमध्ये (म्हणजे जुन्या सभासदाकडून) साराटोगा स्प्रिंग्ज या ऑर्लँडोतल्या रिसॉर्टचा १५० पॉइंटचा करार बघितलाय, १०५ डॉलर पॉइंटने. म्हणजे १५,७५० डॉलर, वर क्लोजिंगचा (कागदपत्रांचा) खर्च. मेंटेनन्स पॉइंटमागे साडेआठ डॉलरच्या आसपास, म्हणजे वर्षाला साधारण १,२७५. करार ३१ जानेवारी २०५४ ला संपतो. दीडशे पॉइंटमध्ये स्वस्त मोसमात एक बेडरूमचा व्हिला आठवडाभर जेमतेम मिळतो. आम्हाला तोच हवाय, कारण स्टुडिओत फक्त मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो, तर एक बेडरूममध्ये पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुवायचं मशीन. संध्याकाळी पार्कमधून दमून आल्यावर मुलांना गरम वरणभात देता येतो, ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

आता मुख्य प्रश्न. नवऱ्याचं म्हणणं असं: भारतात जायच्या वर्षी पॉइंट ब्रोकरमार्फत भाड्याने द्यायचे. मालकाच्या हातात पॉइंटला १७ डॉलर धरले तर १५० चे २,५५० होतात. दोन वर्षांचा मेंटेनन्स किती? तोही २,५५०! म्हणजे एका वर्षाचं भाडं दोन वर्षांचा मेंटेनन्स भागवतं आणि ऑर्लँडोचं राहणं फुकट पडतं. कागदावर हे इतकं बरोबर बसतंय की मलाच धाकधूक वाटतेय. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब असंच करतं आणि खूश आहे. तुमच्यापैकी कुणी पॉइंट घेतलेत का? भाड्याने दिलेत का? या हिशेबात काय सुटतंय? प्लीज मोकळेपणाने सांगा, आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

---

मुक्कामपोस्ट

पारिजात, विकत घ्यायच्या आधी येत्या खेपेला दुसऱ्या कुणाचे पॉइंट भाड्याने घेऊन त्याच साराटोगा स्प्रिंग्जला राहून बघा. ब्रोकरकडून पाहुण्याला पॉइंट साधारण २० डॉलरला किंवा थोडा वर पडतो. ते रिसॉर्ट अवाढव्य पसरलेलं आहे, आतल्या आत बस फिरते. काहींना ती हिरवळ आणि शांतता आवडते, काहींना दर वेळी बसची वाट बघायचा कंटाळा येतो. २०५४ पर्यंत बांधून घेण्याआधी आपण यातले कोण ते कळलेलं बरं.

---

हिशेबनीस

ताई, तुमच्या यजमानांचा हिशेब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. त्यात १५,७५० डॉलर कुठेच दिसत नाहीत.

ही रक्कम तुम्ही आज देणार आणि २०५४ मध्ये तिची किंमत शून्य होणार. मधे विकलेत तर काही परत येईल, पण वर्षं कमी होतील तसा भाव उतरतच जाणार. तेव्हा ती रक्कम २८ वर्षांवर पसरून धरायला हवी. शिवाय तेच पैसे सुरक्षित ठिकाणी ठेवले असते तर व्याज मिळालं असतं. मी ४ टक्के धरतो. तसं केलं तर भांडवलाचा खर्च वर्षाला साधारण ९४५ डॉलर येतो, दोन वर्षांचा १,८९०. मेंटेनन्स भाड्यातून सुटला असं धरू. पण भाडं हे अमेरिकेत करपात्र उत्पन्न आहे. २,५५० मधून त्या वर्षाचा मेंटेनन्स १,२७५ वजा केला तर उरलेल्या १,२७५ वर फेडरल आणि स्टेट मिळून पाव भाग कर धरा, ३२० च्या आसपास. म्हणजे तुमचा "फुकट" आठवडा साधारण २,२१० डॉलरला पडतो.

मुक्कामपोस्ट म्हणतात तसे दीडशे पॉइंट २० डॉलरने भाड्याने घेतले तर तोच आठवडा ३,००० ला. म्हणजे वाचतात दोन वर्षांत ८०० च्या आत. वाचतात हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण मेंटेनन्स दर वर्षी वाढतो आणि भाड्याचा दर त्याच वेगाने वाढेल याची हमी कुणी देत नाही.

आता खरी गंमत पुढे आहे, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला पॉइंट लागतात एका वर्षाआड. मग १५० घ्यायचेच कशाला? ७५ घ्या. भारताच्या वर्षी बँक करा, ऑर्लँडोच्या वर्षी ७५ आणि ७५ मिळून तेच १५० हातात. लहान करार पॉइंटमागे महाग मिळतात, म्हणून १०५ ऐवजी ११५ धरू. किंमत ८,६२५. भांडवलाचा खर्च दोन वर्षांचा १,०३५ च्या आसपास, मेंटेनन्स दोन वर्षांचा १,२७५. एकूण २,३१०.

म्हणजे भाड्याचा सगळा खटाटोप करून तुम्ही वाचवणार दोन वर्षांतून १०० डॉलर, आणि त्यासाठी ७,००० च्या वर जास्तीचे डॉलर अडकवणार. मी तरी नाही करणार.

---

ऑर्लँडोकर

हिशेबनीस यांच्या हिशेबाला अनुमोदन. मी मालक आहे आणि पॉइंट भाड्याने दिलेही आहेत, तेव्हा प्रत्यक्षात ते कसं चालतं ते लिहितो.

एक तर तुम्ही पॉइंट देत नाही. पाहुण्याला हवी ती खोली, हव्या त्या तारखा तुम्ही तुमच्या खात्यातून बुक करता, त्याच्या नावावर. रिझर्वेशन शेवटपर्यंत तुमच्या हातात राहतं, पाहुण्याला काही बदल हवा असेल तर तुमच्याकडेच यावं लागतं. पाहुणा आला नाही किंवा ऐनवेळी रद्द करायची वेळ आली तर नियम कडक आहेत. चेक-इनला ३० किंवा त्याहून कमी दिवस उरले असताना रद्द केलं तर पॉइंट होल्डिंगमध्ये (वेगळ्या, मर्यादित वापराच्या खात्यात) जातात आणि त्यातून फक्त बुकिंग करायच्या दिवसापासून पुढच्या ६० दिवसांतली खोली घेता येते. म्हणून भाडेकराराचा कागद नीट हवा, आणि पहिल्या वेळी तरी ब्रोकर हवाच. तो आपला हिस्सा घेतो, पण पैशाची जबाबदारीही घेतो.

दुसरं, सगळे पॉइंट सारख्या सहजतेने जात नाहीत. भाड्याने घेणाऱ्याला काय हवं असतं? बीच क्लब, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, जिथून पार्कात चालत किंवा मोनोरेलने जाता येतं. ही ठिकाणं त्यांच्या मालकांनी ११ महिने आधीच उचललेली असतात. साराटोगाची खोली ७ महिन्यांच्या आतही कुणालाही मिळते, मग तुमच्या ११ महिन्यांच्या हक्काला भाड्याच्या बाजारात फारसं मोल राहत नाही. दर त्यामुळे खालच्या बाजूला राहतो आणि वाटही बघावी लागते. १७ डॉलर मिळतीलही, पण दर वेळी, लगेच, तेवढेच मिळतील असं धरून घर चालवू नका.

तिसरं फार महत्त्वाचं. करारात स्पष्ट लिहिलंय की सभासदत्व स्वतःच्या वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. अडल्यावेळी एखाद्या वर्षी भाड्याने दिलं तर कुणी विचारत नाही. पण मुळात भाड्याच्या आशेवर जास्तीचे पॉइंट घेणं म्हणजे नियम दुसऱ्याच्या हातात ठेवून गणित मांडणं. मालकांसाठी भाडं ही सोय आहे, ती सोय म्हणूनच चांगली आहे.

आणि एक सावधगिरी. मालक झालात की फोन सुरू होतील: "तुमच्या पॉइंटला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी फी भरा." आधी पैसे मागणाऱ्या कुणालाही एक डॉलर देऊ नका. चांगला ब्रोकर आपला हिस्सा व्यवहारातून घेतो.

---

कऱ्हाकाठ

माझा मुद्दा वेगळा आहे. तुमचं ग्रीन कार्ड झालंय का? रागावू नका, पण २०५४ हा फार लांबचा पल्ला आहे.

आम्ही पुण्याला परत आलो तेव्हा असाच एक करार आमच्याकडे होता (डिस्नेचा नव्हे). अमेरिकेतून परतलं की सुट्टीचा नकाशाच बदलतो. मुलांच्या परीक्षा, आईवडिलांचे दवाखाने, दिवाळी. फ्लोरिडा राहतं बाजूला, पण मेंटेनन्सचं बिल डॉलरमध्ये येतच राहतं. भरलं नाही तर बुकिंग बंद, म्हणजे भाड्याने देण्याचा मार्गही बंद. आणि विकायला काढलं की कळतं, अमेरिकेबाहेर राहणारा परदेशी नागरिक तिथली स्थावर मालमत्ता विकतो तेव्हा विक्रीच्या रकमेतून १५ टक्के आधीच कापून घेतले जातात, मग टॅक्स रिटर्न भरून परत मिळवायचे. डिस्नेचे पॉइंटही डीडवर (मालमत्तेच्या मालकीच्या दस्तावर) असतात, त्यामुळे तेही यात येतात.

परत यायचा विचार मनात कुठेही असेल, तर लहान करार घ्या किंवा मुक्कामपोस्ट यांचं ऐका.

---

पारिजात_न्यूजर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या नेटाने उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

कऱ्हाकाठ, रागवायचं काय त्यात, तो प्रश्न आमच्या घरात रोजचाच आहे. ग्रीन कार्ड झालेलं आहे, पण सासू-सासरे नाशिकला एकटे आहेत आणि पुढच्या १० वर्षांत काय होईल हे आज कोण सांगणार. तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

हिशेबनीस, ७५ ची कल्पना आम्हाला सुचलीच नव्हती. काल रात्री दोघांनी बसून पुन्हा मांडून बघितलं, आकडे तसेच येतात. नवऱ्याची एकच शंका आहे: सासू-सासरे येतील त्या वर्षी जास्तीचा स्टुडिओ लागेल, तेव्हा ७५ कमी पडतील. पण त्यासाठी पुढच्या वर्षाचे उचलता येतील, किंवा तेवढ्यापुरते आम्हीच कुणाकडून भाड्याने घेऊ, हे आता दोघांनाही पटलंय. १५० चा करार आम्ही सोडला.

आता ७५ चा एक करार दिसतोय, साराटोगाचाच. त्याचं युज इयर (पॉइंटचं वर्ष ज्या महिन्यात सुरू होतं तो महिना) डिसेंबर आहे. आम्ही जाणार ऑगस्टच्या शेवटी. युज इयरने काही फरक पडतो का? ब्रोकर म्हणतो पडत नाही.

---

ऑर्लँडोकर

पडतो, आणि तुमच्यासारख्या एका वर्षाआड जाणाऱ्यांना तर नक्कीच.

डिसेंबरचं युज इयर म्हणजे १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर. पॉइंट बँक करायची मुदत पहिल्या ८ महिन्यांची, म्हणजे ३१ जुलै. तुमची सहल ऑगस्टच्या शेवटी. समजा ऑगस्टमध्ये मूल आजारी पडलं किंवा नेमकं चक्रीवादळ आलं (तो त्याचाच मोसम आहे) आणि सहल रद्द झाली, तर बँक करायची तारीख उलटून गेलेली असेल. मागच्या वर्षीचे बँक केलेले ७५ पुन्हा बँक होत नाहीतच, आणि या वर्षीचे ७५ ही अडकले. सगळे १५० तुम्हाला ३० नोव्हेंबरच्या आत संपवावे लागतील, शाळा चालू असताना. अशाच वेळी लोक मिळेल त्या भावाने पॉइंट भाड्याने काढतात.

जूनचं युज इयर बघा. १ जून ते ३१ मे, बँकेची मुदत ३१ जानेवारी. ऑगस्टची सहल बारगळली तरी ख्रिसमस, फेब्रुवारीची सुट्टी, ईस्टर, सगळं पुढे शिल्लक असतं, आणि सहल ३० दिवसांहून आधी रद्द केली असेल तर त्या वर्षीचे ७५ जानेवारीअखेरपर्यंत निवांत पुढे ढकलता येतात (ऐनवेळी रद्द केली तर ते होल्डिंगमध्ये जातात आणि बँक होत नाहीत, पण वापरायला ३१ मेपर्यंत वेळ तरी असतो). एप्रिलचंही चालेल, पण त्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपते, जून जास्त सैल आहे.

जूनचा ७५ चा करार निघायला थोडा वेळ लागेल, थांबा. आणि निघाला की लगेच विमानाची तिकिटं काढू नका. रीसेलचा प्रत्येक व्यवहार आधी डिस्नेकडे जातो, त्याच भावात तो करार स्वतः घ्यायचा पहिला हक्क त्यांचा असतो, आणि ठरवायला त्यांना ३० दिवस असतात. त्यांनी घेतला तर तुमची अनामत परत मिळते आणि शोध पुन्हा सुरू. करारात चालू वर्षाचे पॉइंट शिल्लक आहेत की मालकाने आधीच उचललेत, हेही लेखी विचारून घ्या. उचललेले असतील तर पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स तुमच्या गळ्यात यायला नको, तेवढं भावात कापून घ्या.