सिएटल-डेट्रॉईट २०१५: एंड झोनमधला तो हात आणि न पडलेला फ्लॅग

मिशिगनकर
अमेरिकन फुटबॉलचा हा सामना जुना आहे, ५ ऑक्टोबर २०१५ चा, पण फंबलच्या (हातातला बॉल सुटण्याच्या) नियमांचा विषय निघाला की मी अजूनही तिथेच अडकतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिएटलचं मैदान, सोमवारची रात्र, शेवटची दोन मिनिटंही उरलेली नाहीत, यजमान सीहॉक्स १३-१० ने पुढे. डेट्रॉईट लायन्सच्या स्टॅफर्डचा पास त्याचाच साथी कॅल्विन जॉन्सनने पकडला आणि तो गोललाइनकडे झेपावला. रेषा जेमतेम यार्डभर राहिली असताना सिएटलच्या कॅम चॅन्सलरने ठोसा मारून बॉल त्याच्या हातातून उडवला. बॉल एंड झोनमध्ये (गोललाइनपलीकडच्या पट्ट्यात) टप्पा खात गेला आणि सिएटलचाच लाइनबॅकर (बचावपटू) के. जे. राइट याने तो हाताने मागच्या रेषेबाहेर ढकलला. पंचांनी टचबॅक दिला, म्हणजे बॉल सिएटलला, त्यांच्या गोललाइनपासून २० यार्डांवर. सामना तिथेच संपला.

नियम स्पष्ट आहे. एंड झोनमध्ये सुटा बॉल कोणत्याही दिशेने मुद्दाम टोलवता येत नाही, मग खेळाडू कोणत्याही संघाचा असो. फ्लॅग (फाउलची खूण म्हणून पंच टाकतात ते फडकं) पडला असता तर बॉल लायन्सकडेच राहिला असता, अर्ध्या यार्डावर, फर्स्ट डाऊन, म्हणजे चार नवे प्रयत्न. एनएफएल या लीगचे तेव्हाचे पंचप्रमुख डीन ब्लँडिनो यांनी त्याच रात्री मान्य केलं की फाउल द्यायला हवा होता. बॅक जज (मागच्या बाजूचा पंच) समोरच उभा होता, पण त्याला ती हालचाल उघड, हेतुपुरस्सर वाटली नाही. राइटने मात्र सामन्यानंतर स्वतःच सांगितलं की बॉल मुद्दाम बाहेर घालवला.

माझं म्हणणं इतकंच: सामना ठरवणारा असा स्पर्श रिप्लेमध्ये तपासता आलाच पाहिजे. बॉलने गोललाइन ओलांडली का, हे कॅमेऱ्यावर इंचाइंचाने पाहायचं आणि त्याच चित्रात दिसणाऱ्या हाताकडे बघायचंही नाही, हे मला पटत नाही.

बारावा_माणूस
असहमत. मी सिएटलचा आहे हे आधीच सांगतो, पण मुद्दा त्यावर अवलंबून नाही. बॉल बाहेरच चालला होता. आसपास एकही लायन्सचा खेळाडू नव्हता. राइटने हात लावला नसता तरी टचबॅकच झाला असता, त्याने बॉलवर अंग टाकलं असतं तरी टचबॅकच. ज्या कृतीने निकालात काडीचा फरक पडला नाही तिच्यासाठी गोललाइनच्या दारात फर्स्ट डाऊन बहाल करायचा? ती शिक्षा चॅन्सलरलाच झाली असती, आणि त्याने तर अप्रतिम बचाव केला होता. बॉल धरलेल्या खेळाडूच्या हातातून ठोसा मारून तो काढणं पूर्ण कायदेशीर आहे.

मिशिगनकर
चॅन्सलरच्या ठोशाबद्दल माझी तक्रारच नाही. बॉल जॉन्सनच्या हातात होता तोवर ठोसा चालतो, सुटल्यावर चालत नाही. सगळा नियम याच फरकावर उभा आहे. आणि 'बाहेरच चालला होता' हे कोणी ठरवायचं? लांबट बॉल कुठल्या टप्प्याला कुठे उडेल हे कोणीच सांगू शकत नाही. राइटलाही ती खात्री नव्हती, म्हणून तर त्याने हात घातला. अंग टाकण्याचा कायदेशीर मार्ग त्याच्यासमोर होता, त्यात बॉल निसटण्याची जोखीम होती. ती जोखीम त्याने टाळली. फरक पडला तो इथे.

नियमवाचक
मिशिगनकरांशी सहमत. क्रिकेटमधलं उदाहरण देतो. २००१ च्या बंगळुरू कसोटीत मायकल वॉनने पॅडजवळचा चेंडू हाताने बाजूला सारला. चेंडू यष्ट्यांकडे जात नव्हता, तरीही तो बाद. फायदा झाला का, हे नियम विचारतच नाही.

फुटबॉलमध्ये हा कडकपणा आला तो १९७८ नंतर. १० सप्टेंबरला सॅन डिएगोत शेवटच्या क्षणी रेडर्सच्या केन स्टेबलरने बॉल पुढे सोडला, त्याचा साथी बॅनाशॅकने तो आणखी पुढे ढकलला, दुसरा साथी डेव्ह कॅस्परने पायाने लोटत एंड झोनमध्ये नेला आणि वर पडला. रेडर्स २१-२० ने जिंकले. पंचांनी तो टचडाऊन (बॉल एंड झोनमध्ये नेल्याचे गुण) मानला, कारण हेतू सिद्ध होत नव्हता. पुढच्याच वर्षी नियम बदलला: चौथ्या डाऊनला (शेवटच्या प्रयत्नाला) किंवा अखेरच्या दोन मिनिटांत, ज्याच्या हातून बॉल सुटला त्याच्याशिवाय त्याच्या संघातल्या कोणालाही तो पुढे नेता येत नाही. बदलाचा मार्ग मला महत्त्वाचा वाटतो. हेतू ओळखणं पंचांना जमत नाही हे कळल्यावर हेतूचा प्रश्नच काढून टाकला.

ओहायोची_लेक
तुम्ही सगळे एका हातावर अडलात, मला तर मूळ टचबॅकच अन्यायाचा वाटतो. हाच बॉल पुढे सुटून साइडलाइनबाहेर गेला असता तर फंबल झालं त्या जागी परत लायन्सलाच मिळाला असता. एंड झोनमधून बाहेर गेला की मात्र प्रतिस्पर्ध्याला बॉल आणि वर वीस यार्ड! ज्यांनी तो पकडलाच नाही त्यांना! जानेवारी २०२१ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या रशार्ड हिगिन्सचं हेच झालं. चीफ्सच्या सोरेनसनने त्याला हेल्मेटने हेल्मेटवर धडक दिली, त्याचा फ्लॅग नाही, आणि बॉल एंड झोनच्या कडेने बाहेर गेला म्हणून चीफ्सना टचबॅक. सामना गेला २२-१७ ने. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

बारावा_माणूस
ताई, या नियमावर तुमच्याशी माझं भांडण आहे. एंड झोन बचाव करणाऱ्याचं घर आहे. तिथे हात लांब करून बॉल पुढे धरण्याचा मोह आक्रमकाने आवरावा यासाठीच ही जबर किंमत आहे. ती काढली तर गोललाइनवर बॉल फेकल्यासारखा सोडणं फुकट होईल.

आणि रिप्लेबद्दल: पंचांच्या अंदाजाचे फाउल रिप्लेत आणले की काय होतं ते २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. सेंट्स-रॅम्स सामन्यातल्या चुकीनंतर पास इंटरफिअरन्स (पास पकडू पाहणाऱ्याला बेकायदा अडवणं) तपासायला सुरुवात केली आणि एका मोसमात ते गुंडाळावं लागलं. हात लागला हे कॅमेरा दाखवेल, मुद्दाम लावला हे कसं दाखवणार?

मिशिगनकर
पास इंटरफिअरन्समध्ये दोन शरीरं एकमेकांत गुंतलेली असतात, प्रत्येक पासला वाद होतो. एंड झोनमधला सुटा बॉल मोसमात असा कितीदा येतो? नियमवाचक म्हणतात तसं इथेही करता येईल. एंड झोनमध्ये सुट्या बॉलला बचाव करणाऱ्याचा उघडा हात लागला आणि त्याने तो धरायचा प्रयत्न केला नाही, की फाउल. हेतू विचारू नका. राइटचं चित्र या कसोटीवर पाच सेकंदांत निकालात निघालं असतं.

बारावा_माणूस
'धरायचा प्रयत्न केला नाही' यातही हेतूच आला की! ओल्या बॉलवरून हात निसटला तर? पुढच्या अशा सामन्यात फंबल तुमच्या लायन्सनी घडवलेलं असेल आणि हात तुमच्या खेळाडूचा असेल, तेव्हाही हीच कसोटी मान्य असेल का?

मिशिगनकर
हो, मान्य असेल.