क्लचचे पॅडल जड झाले आहे: सोसायटी ग्रुपवरील सोमवारची चर्चा

ए-२०३ (सकाळी ९:४०)
सर्व सभासदांना नमस्कार. आज सकाळी माझी गाडी पार्किंगच्या चढावर वीस मिनिटे अडकली होती. ती मी हौसेने आडवी लावली नव्हती, हे मागून सलग हॉर्न वाजवणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावे. महिनाभर क्लचचे पॅडल जड होत चालले आहे आणि आज ते दाबताना पायात कळ आली. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितले, की गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलावा लागेल. कोणास अनुभव असल्यास मार्गदर्शन करावे.

सी-३०१ (९:४६)
हॉर्न मीच वाजवला होता आणि त्याबद्दल दिलगीर आहे. तथापि मला नऊच्या आत पोवई नाक्यावर पोहोचायचे होते, आणि चढावर आपली गाडी अडकण्याची ही पहिलीच वेळ नाही, एवढे नम्रपणे नमूद करते.

बी-१०१, एस.टी.वाले काका (९:५२)
अजून एक रुपयाही खर्च करू नका. क्लचची वायर, म्हणजे पॅडलपासून क्लचपर्यंत जाणारी तार, गिअरबॉक्सकडच्या टोकाला सोडा आणि पॅडल हाताने दाबून पाहा. वायर सुटली की पॅडलवर क्लचच्या स्प्रिंगचे ओझे राहत नाही. तरीही ते अडखळत असेल, तर दोष वायरमध्ये किंवा पॅडलच्या बुशमध्ये (पॅडल ज्यावर फिरते त्या नळीत) आहे. अलगद खाली गेले, तरच फोर्क (बेअरिंग ढकलणारी दांडी), बेअरिंग आणि प्रेशर प्लेटचा विचार करावा.

डी-४०२ (९:५५)
आमच्या गाडीला ते पॅडलच नसल्याने आम्ही या दुःखातून मुक्त आहोत. ए-२०३ यांची व्यायामशाळेची वर्गणी वाचली, असे समजावे.

बी-१०१ (१०:०१)
डी-४०२, आपली गाडी एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी आहे. क्लच प्लेट तिच्यातही आहेच. पायाचे काम तिथे यंत्र करते, एवढाच फरक, आणि ते बिघडले की हसू येत नाही. ए-२०३, वायर सोडून पाहिली का?

सी-३०१ (१०:०८)
राहवत नाही म्हणून लिहिते. मे महिन्यात आपले चिरंजीव याच गाडीवर शिकत होते आणि क्लचवरचा पाय न काढता सोसायटीला फेऱ्या मारत होते, हे आम्ही गॅलरीतून पाहिले आहे.

ए-२०३ (१०:११)
वहिनी, मुलाचा विषय येथे आणू नये, ही विनंती. आपल्या गाडीने गेटच्या खांबाला काय केले, ते मीही आजवर लिहिलेले नाही.

बी-१०१ (१०:२०)
दोघांनीही थोडे थांबावे. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवल्याने प्लेट आणि बेअरिंग लवकर झिजतात, हे खरे आहे. प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगची (प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटे बेअरिंगच्या बाजूला सरकतात आणि त्यामुळेही पॅडल जड लागते, म्हणून गॅरेजवाल्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण प्लेट पार संपली असती, तर चढावर इंजिन नुसते ओरडले असते, गाडीने ओढ घेतली नसती आणि जळका वास आला असता. यवतेश्वरच्या घाटात तसे काही जाणवले का?

ए-२०३ (१०:२४)
नाही, काका. कालच कासला जाऊन आलो. घाटात गाडीने व्यवस्थित ओढले आणि वासही आला नाही. पाय मात्र दुखून आला.

बी-१०१ (१०:२५)
मग आधी वायर सोडून पाहा.

बी-२०४ (१०:४०)
माझ्या गाडीचे पॅडल असेच झाले होते, तेव्हा क्लचचा मास्टर सिलिंडर बदलला आणि ब्रेक ऑइल नवीन भरले. आपणही तेच करावे.

बी-१०१ (१०:४७)
आपली गाडी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची आहे, त्यांची वायरची. गिअरबॉक्सपाशी आट्यांचे टोक आणि नट दिसला तर वायर, तेलाचा पाइप दिसला तर हायड्रॉलिक. ज्या गाडीत सिलिंडरच नाही, तिचा सिलिंडर कसा बदलणार? आणि कोणी सुचवण्याआधीच सांगतो, की वायरमध्ये तेलही ओतू नये. आत प्लॅस्टिकचे अस्तर असते, तिथे तेलाला धूळ चिकटते आणि दोन आठवड्यांनी पॅडल पुन्हा जड होते.

सचिव (११:०५)
पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करू नये, असे मागील सभेत ठरले आहे. फरशीवरचे तेलाचे डाग अजून निघालेले नाहीत.

डी-४०२ (११:०७)
ते डाग सचिवांच्याच स्कूटरखाली आहेत, असे निदर्शनास आणून देतो.

बी-१०१ (११:१०)
वायर सोडायला तेल सांडत नाही. ए-२०३, दहाचा पाना घेऊन खाली या. मी येतो.

ए-२०३ (सायंकाळी ७:१५)
दिवसभराचा वृत्तान्त कळवतो. काकांनी नट सैल करून वायर सोडली आणि मी पॅडल हाताने दाबले, तर ते अर्ध्यावर आल्यावर करकरत अडकत होते. फोर्कची दांडी मात्र तिच्या मोकळ्या अंतरात न अडखळता हलत होती. वायर पूर्ण बाहेर काढली, तेव्हा पॅडलच्या हुकाजवळ तारेचे तीन पदर तुटून खराट्याच्या काड्यांसारखे उभे राहिलेले दिसले. तेच आतले अस्तर खरवडत होते. दुपारी नवी वायर आणून बसवली आणि काकांनी पॅडलच्या बुशला ग्रीस लावले. आता पॅडल चपलेच्या टोकानेही दाबले जाते. गिअरबॉक्स जागचा हलला नाही.

बी-१०१ (७:२२)
वायर नेताना कुठे टोकदार वळण येऊ दिले नाही आणि सायलेन्सरच्या पाइपपासूनही ती लांब ठेवली आहे. उद्या सकाळी पॅडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पॅडल मोकळे जाते ते अंतर, पुन्हा तपासू. वायर फार ताणली तर बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि प्लेट घसरू लागते. फार सैल सोडली तर रिव्हर्स टाकताना दात घासतात. नेमके अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका सोबत आणावी, मी अंदाजावर नट पिळत नाही.

सी-३०१ (७:३०)
गाडी दुरुस्त झाली, याचा आनंद आहे. तरीही माझी गाडी आजच आपल्या पुढे आणून लावली आहे.