हळवा आवाज, मवाळ संगीत आणि गरवं भात

तबकडी: आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी जमतो आणि एक जुना अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकतो. ज्याची पाळी त्याने आधी पानभर मराठीत लिहून वाचायचं. यावेळी माझी पाळी आहे आणि मी घेतलाय कारपेंटर्सचा, म्हणजे कॅरन आणि रिचर्ड या अमेरिकन बहीणभावांचा, १९७२ चा 'अ साँग फॉर यू', तो लाल कव्हरवर हार्ट असलेला. आमच्याकडे बाबांची कॅसेट होती, मुंबईत काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या दुकानातून आणलेली, आणि त्यातल्या 'गुडबाय टू लव्ह' गाण्याच्या जागी टेप इतकी झिजलेली की आवाज लाटेसारखा खालीवर व्हायचा. तर मी लिहिलं 'कॅरनचा हळवा आवाज'. ग्रुपमधल्या एका काकांनी 'हळवा'भोवती पेन्सिलीने गोल केला. म्हणे मन हळवं असतं, माणूस हळवा असतो, आवाज कसा हळवा असेल? खरंच चूक आहे का? आणि सॉफ्ट पॉपला मराठीत काय म्हणाल?

मोजकेबोल: काकांचं बरोबर आहे. हळवेपणा हा स्वभाव. आवाजाला कातर म्हणा, आणि सॉफ्ट पॉपला 'मृदू संगीत'. आपल्याकडे शब्द असताना सॉफ्ट कशाला?

सांजवेळ: कातर अजिबात नको! कातर आवाज म्हणजे कापरा, आता रडू फुटेल असा. कॅरनचा आवाज एकदा ऐका, हलतसुद्धा नाही. 'गुडबाय टू लव्ह'मधल्या ओळी इतक्या लांब आहेत की श्वास घ्यायला जागाच सापडत नाही, आणि ती कुठेही धाप न लागता गाते. रडू आपल्याला येतं, तिला नाही. कातर शब्द मला प्रिय आहे, आजी म्हणायची कातरवेळेला झोपू नये, दिवसाला रात्र कातरते ती वेळ म्हणून कातरवेळ.

मोजकेबोल: कातरवेळेचा कात्रीशी संबंध नाही हो. कात्री आली कर्तरीवरून. कातर हा वेगळा संस्कृत शब्द, अर्थ घाबरलेला, व्याकुळ.

सांजवेळ: असेल, पण आजीच्या तोंडी तो कातरण्याचाच होता आणि तिच्या गावात सगळ्यांच्याच. लोक ज्या अर्थाने वापरतात तोही अर्थच ना?

भातखाचर: हळव्याबद्दल मी बोलू का, कारण आमच्याकडे कोकणात हा शब्द मनाला लावायच्या आधी भाताला लावतात. हळवं भात म्हणजे लवकर पिकणारं, ते वरच्या जमिनीत करायचं कारण तिथलं पाणी लवकर आटतं. गरवं म्हणजे उशिरा तयार होणारं, ते खाली खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात. मधलं ते निमगरवं. माझ्या मते हळवा हा लघुवरून (लघु, लहू, हळू) आणि गरवा गुरूवरून. म्हणजे हळवा मुळात 'हलका', रडवा नव्हे. आता तुम्हीच सांगा, कॅरनचा आवाज हलका आहे का? तो खालच्या खाचरातला आहे. गरवा आवाज म्हणा.

तबकडी: दादा, हे वाचून मी कॅसेट काढून बसले. खरंच आहे. बायकांच्या पॉप आवाजाची सवय असते वरच्या पट्टीची, आणि ही मूळची ड्रमर मुलगी खाली उतरून गाते, अगदी कानाशी. तिच्या खालच्या सुरांबद्दल ते बहीणभाऊ म्हणायचे ना, पैसा तळघरात आहे.

खर्जप्रेमी: तळघराला आपल्याकडे तयार शब्द आहे, खर्ज. आणि खर्ज म्हणजे षड्जच (सा) बरं का, ष चा ख झाला. खर्जातला आवाज लिहा, गवई असो वा शाळकरी, सगळ्यांना कळेल. गरवा आवाज लिहिलात तर देशावरच्यांना खाली टीप द्यावी लागेल.

भातखाचर: देशावरच्यांना एक शब्द नवा कळला तर बिघडतं कुठे? मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात आहेत हळवा-गरवा दोन्ही.

इतिहासवाला: सॉफ्टला 'मवाळ' का नको? गोखले मवाळ, टिळक जहाल, अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. आणि या अल्बमला ते शोभतंही. 'गुडबाय टू लव्ह'मध्ये टोनी पेलुसोने फझ (सूर मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) लावलेली करकरीत गिटार वाजवली. आधी त्याने गोड गोड वाजवलं होतं, रिचर्डनेच सांगितलं की सुरुवातीला चाल धर आणि मग सुटू दे. रेकॉर्ड आल्यावर चाहत्यांची संतापलेली पत्रं आली की तुम्ही हार्ड रॉकला विकले गेलात. मवाळांनी जहाल सूर लावल्यावर होतं तेच झालं.

मोजकेबोल: मवाळ, मऊ, मृदू तिन्ही एकाच मुळाचे, मृदूचा मऊ झाला आणि मऊचा मवाळ. मग मूळ शब्दच का नको?

पोळीभाजी: कारण मृदू कोणी बोलत नाही! मऊ भात, मऊसूत पोळी, लुसलुशीत घावन, हे आपण बोलतो. आणि कपड्याच्या दुकानात आईसुद्धा म्हणते 'जरा सॉफ्ट कापड दाखवा'. सॉफ्ट आता मराठीच आहे. पाट्यांवरची मराठी आणि तोंडातली मराठी वेगळी ठेवायची असेल तर खुशाल मृदू लिहा.

मोजकेबोल: तोंडात येतं ते सगळंच लिहायचं ठरवलं तर दहा वर्षांनी मऊ पण जाईल. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून बोलतो.

सांजवेळ: मोजकेबोल, ते मात्र पटलं. मऊ जायला नको.

तबकडी: सध्या असं लिहिलंय: 'अल्बम जिथून सुरू होतो त्याच गाण्यावर येऊन संपतो, एकूण तेरा ट्रॅकचा प्रवास, आणि सगळ्यात खाली कॅरनचा गरवा आवाज.' काकांना दाखवलं. ते म्हणाले गरवा नव्हे, गारवा, आणि परत गोल केला.

भातखाचर: गारवा थंडीचा! काकांना म्हणावं एकदा आमच्याकडे या दिवाळीनंतर, हळवं कापून कोरडी पडलेली वरची खाचरं दाखवतो आणि खाली उभं असलेलं गरवं.

पोळीभाजी: गरव्याचा भात मऊ होतो की मोकळा? पेजेला कुठला घेता तुम्ही?

भातखाचर: पेजेला लाल तांदूळ, उकडा. पण त्यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, आईला विचारून सांगतो.