आजोबांचं वाघनख बाळाच्या गळ्यात घालावं का?

रंकाळ्याकाठची

पुढच्या महिन्यात माझ्या भाच्याचं बारसं आहे. परवा आईनं कपाटातला डबा काढला आणि लाल मखमलीत गुंडाळलेलं लॉकेट माझ्या हातावर ठेवलं. सोन्याच्या कोंदणात समोरासमोर बसवलेली दोन वाघनखं. आधी आजोबांच्या गळ्यात होतं, मग बाबांच्या, मग दादाच्या. आता बाळाला घालायचं, दृष्ट लागू नये आणि पोरगं वाघासारखं निघावं म्हणून. आत्या म्हणून कानात नाव मी सांगणार आणि लॉकेटही मीच घालायचं, असं ठरलेलं.

मी नको म्हणाले. तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. म्हणून इथं विचारतेय, आणि माझं मत आधीच सांगते: ही नखं आता कुणाच्याच गळ्यात जाऊ नयेत.

वाघाला नखं अठरा. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. म्हणजे असली दोन-दोन नखांची लॉकेटं एका वाघातनं नऊच होतात. नऊ पोरांच्या गळ्यासाठी एक वाघ. कातडं, हाडं, सुळे आणि मिशा या सगळ्याची गिऱ्हाइकं वेगळी. हाडं सीमेपार चीन-व्हिएतनामकडं जातात, तिथं त्यांची औषधं आणि दारू करतात. हे वाचून आपण त्या लोकांना नावं ठेवतो. पण नखांचं गिऱ्हाईक इथलंच आहे. ते आपल्या तालमीत, आपल्या लग्नात, शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून फिरतंय.

राजस्थानातल्या सरिस्कात २००४-०५ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाचं तेच झालं. दोन्हीकडं राखीव जंगल होतं, चौक्या होत्या, पाट्या होत्या. पुढं वाघ बाहेरून आणून सोडावे लागले.

आणि आता हे आपल्या दारात आलंय. २०१० साली जाहीर झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आपल्या कोल्हापूरसह सातारा, सांगली आणि रत्नागिरीत पसरलाय. २०१८ च्या मे महिन्यात तिथं कॅमेऱ्यात एक वाघ आला, मग डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत पुन्हा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणली. एकूण वाघ बोटांवर मोजण्याइतके. ताडोब्यात एक गेला तर कितीतरी उरतील, इथं एक गेला तर आपण परत शून्याजवळ.

पटत नसेल तर तसंच सांगा. घरात नुसता अबोला आहे, निदान इथं तरी कुणी वाद घालावा.

गडवाट

ताई, तुमच्या भावनेचा मान ठेवून विरोध करतो. तो वाघ जाऊन ऐंशी वर्षं झाली असतील. लॉकेट घातल्यानं तो पुन्हा मरत नाही आणि काढल्यानं उठून बसत नाही. आजोबांची आठवण म्हणून ती वस्तू आहे. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात भुसा भरलेले वाघ काचेआड उभे आहेत, लहानपणी आपण सगळे ते बघून आलोय. तेही काढून टाकायचे का? संस्थानच्या काळात इथं चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करायचे, चित्तेवानांची घराणी होती. तो आपला इतिहास आहे. आजचे नियम लावून आजोबांना गुन्हेगार ठरवू नका.

वाघ्याच्या भंडाऱ्याच्या पिशवीला वाघाचं कातडं असायचं. वाघजाईला आपण नवस बोलतो. वाघ आपल्या देवळात आहे, दागिन्यात आहे. ज्याचा आदर करतो त्याचंच चिन्ह माणूस अंगावर घालतो.

रंकाळ्याकाठची

दादा, आजोबांना मी गुन्हेगार म्हणत नाही. ते त्यांच्या काळात जगले. आता प्रश्न माझ्या हातांचा आहे, बाळाच्या गळ्यात मी काय बांधते याचा.

राजवाड्यातला वाघ काचेआड आहे. तो बघून 'मलाही असा पाहिजे' असं कुणी म्हणत नाही. लॉकेट बघून म्हणतात.

आणि चिन्हच म्हणत असाल, तर आपला साज बघा. कोल्हापुरी साजाच्या पानड्यांत वाघनख असतंच की! मासा, कासव, नाग, भुंगा, बेलपान आणि वाघनख, सगळं सोन्याचं. कासव घडवायला कुणी कासव मारलं नाही. शिवछत्रपतींची म्हणून २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आणलेली वाघनखंही पोलादाचीच. आपल्या माणसांना वाघाचा आकार पुरत होता.

गुजरीतला कारागीर

या विषयावर मी सहसा बोलत नाही, कारण धंद्यातलेच लोक रागावतात. पण ताईंनी शेवटी जे लिहिलं ते रोज डोळ्यांनी बघतोय.

आमच्या पेढीवर महिन्याला दोन-तीन पोरं येतात. मोबाईलमध्ये फोटो असतो. कुणाच्या तरी काकाचा, कुणा पैलवानाचा, कुणा पुढाऱ्याचा. "असंच करून द्या, पण खरं पाहिजे." प्रत्येक फोटोतलं लॉकेट जुनंच असतं, वाडवडिलांचं. गडवाटदादा, जुनं नख वाघ मारत नाही हे बरोबर. पण नव्या नखाची जाहिरात तेच करतं.

आम्ही नाही म्हणतो. मग ते दुसरीकडं जातात, आणि बहुतेकांना शिंगाचं किंवा खुराचं कोरलेलं खोटं नख भरमसाट पैशाला मिळतं. काही जण म्हणतात, खोटं विकलं तर काय बिघडलं, वाघ तर वाचला. मला ते पटत नाही. खोटं घातलेला पोरगा चारचौघांत ते खरं म्हणूनच सांगतो. हौस वाढतच राहते, आणि ज्याच्याकडं जास्त पैसा आहे तो खऱ्याच्या मागं लागतो.

आकडेमोड

जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. बंदी घालून इतकी वर्षं झाली, शिकार थांबली का? मागणी आहे तिथं माल येणारच. मग वाघ पाळून वाढवा आणि त्यांची नखं-हाडं शिक्का मारून विका. बाजारात स्वस्त माल आला की चोराला कोण विचारतो? मगरीच्या कातड्याचं जगात असंच चालतं. जंगलातला वाघ वाचवायचा हाच व्यवहारी मार्ग आहे.

जंगलवाटा

हा मार्ग दुसऱ्यांनी करून बघितलाय. चीनमध्ये हजारो वाघ पिंजऱ्यात वाढवलेत. तिथं वाघाच्या हाडांच्या व्यापारावर १९९३ पासून बंदी आहे, तरी पिंजऱ्यांतली पैदास थांबली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये पाळीव वाघांच्या हाडांना औषधापुरती मोकळीक द्यायचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. जगभरातून ओरड झाली आणि महिन्याभरात ते स्थगित करावं लागलं. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सभेनं तर २००७ मध्येच सांगितलंय, की अवयवांच्या व्यापारासाठी वाघ पैदा करू नयेत.

तुमच्या हिशेबात खर्चाची बाजू राहून गेली. पिंजऱ्यातला वाघ पूर्ण वाढवायचा तर वर्षानुवर्षं मांस घालावं लागतं. जंगलातला वाघ मारायला एक लोखंडी सापळा पुरतो, नाहीतर अर्धवट खाल्लेल्या गुरावर टाकलेलं विष. स्वस्त कुठला पडणार? चोरीचा माल त्याच शिक्क्याखाली बाजारात येईल आणि नाक्यावरच्या शिपायाला फरक कळणार नाही. शिवाय गिऱ्हाइकाला जंगलातलाच पाहिजे असतो. गुजरीतल्या दादांनी वर सांगितलंच, "पण खरं पाहिजे."

भगवी_मशाल

इतकी चर्चा कशाला? शिकार करणाऱ्या जमाती सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्यावर पाळत ठेवा, प्रश्न सुटेल.

जंगलवाटा

हे इथं कोल्हापुरात लिहिताय? गुन्हेगार ठरवलेल्या जमातींनी रोज हजेरी लावायची, ही पद्धत राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली. फासेपारध्यांना पदरी कामं दिली, विश्वासानं वागवलं. जन्मावरून गुन्हेगार ठरवायची रीत ज्या गावानं मोडली, तिथं ती परत आणू नका.

सापळा लावणारे पकडले गेलेत, त्यांना शिक्षाही झाल्यात, झाल्याच पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याजवळ टोळी पकडली, तेव्हा तपास ईशान्येकडून म्यानमारपर्यंत गेला. पण जंगलात रात्र काढणाऱ्याच्या हातात थोडकेच पैसे पडतात. मोठा वाटा पुढं बसलेल्याचा. वाघ-बिबट्यांच्या कातड्यांचा कुख्यात तस्कर संसारचंद दिल्लीच्या सदर बाजारात बसून कारभार चालवायचा. पाळत ठेवायची तर पैसा पुरवणाऱ्यावर आणि विकत घेणाऱ्यावर ठेवा.

शाहूवाडीकर

सगळं वाचलं. ताई, तुमचं मन चांगलं हाय, पण तुम्ही रंकाळ्याकडंला बसून बोलताय आणि मी डोंगराच्या अंगाला राहतोय. आमच्याकडं गवा उसात, डुक्कर भातात आणि बिबट्या गोठ्याच्या दारात. आता त्यात वाघ. त्यो तुमच्यासाठी फोटोतला, आमच्यासाठी रात्री पोराला परसाकडं एकटं पाठवायचं का न्हाई, ह्याचा इचार.

दोन वर्षामागं माझी गाभण म्हैस गेली. पंचनामा झाला, कागद झाले, हेलपाटे झाले. पैसे यायला अकरा महिनं लागलं, आणि ते बी तसली म्हैस परत येईल एवढं न्हवतं. सरकारी कागदावर जनावराला सत्तर हजारापर्यंत म्हणत्यात, ते बी बाजारभावाच्या पाऊणपटीत. दूध गेलं त्याचं कोण धरतंय?

गोव्यात म्हादईच्या जंगलात २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं इषानं मेली. तिथनं आमचा डोंगर एकच हाय, तिलारी-चंदगडकडनं जंगल सलग येतंय. ते इष नखासाठी घातलं न्हवतं. गुरं मारली म्हणून घातलं. नखाच्या लॉकेटावर एवढी चर्चा करताय, मग ह्याच्यावर कोण बोलणार?

रंकाळ्याकाठची

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. भरपाई महिन्याच्या आत मिळाली पाहिजे आणि पुऱ्या किमतीची मिळाली पाहिजे. त्यासाठी निवेदन, मोर्चा, सह्या, जे कराल त्यात मी आहे. वाघ सगळ्यांचा आणि नुकसान एकट्या तुमचं, ही वाटणी चुकीचीच आहे.

पण एक विचारते. जनावर गेल्याचा राग आलेल्या माणसानं विष टाकलं आणि वाघ मेला. तो पुरला जाईल, नाहीतर कुणीतरी येऊन म्हणेल, "नखं द्या, एवढे देतो." ते 'कुणीतरी' आलं की पुढचं विष रागानं टाकलं जाईल का पैशासाठी?

शाहूवाडीकर

हे खरं हाय. असली माणसं येत्यात. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला, तर वनखात्याच्या आधी त्यांना खबर लागलेली असती. गावात काय असतंय, उसाला राखण म्हणून कुणी तारेत वीज सोडतंय, कुणी डुकरासाठी गावठी बॉम्ब ठेवतंय. वाघाला मारायचं कुणाच्या मनात नसतंय. पण मेला की त्याची किंमत हाय, हे पोरांना आता कळायला लागलंय. माझी म्हैस मेली तर किंमत निम्मी, वाघ मेला तर दामदुप्पट. ह्यात कुठंतरी उलटं झालंय.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच घरांत गैरसमज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघ पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे. त्याचं नख जवळ असेल तर मालकीचा दाखला लागतो. जुन्या वस्तू जाहीर करायची शेवटची मोठी संधी २००३ मध्ये दिली होती, १८० दिवसांची. दाखला असेल तर वारशानं जवळ ठेवता येतं, विकता येत नाही. दाखला नसेल तर "आजोबांचं आहे" हे पुरेसं नाही. वस्तू कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जवळ बाळगणाऱ्यावर येते. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. त्याच दुरुस्तीनं दाखलेवाल्यांना वस्तू स्वखुशीनं सरकारजमा करायची सोय दिलीय. दाखला नसलेल्यांनी आधी वकील गाठावा, मग वनखात्याकडं जावं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजारच्या कर्नाटकात टीव्हीवरच्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखामुळं थेट कार्यक्रमाच्या घरातून अटक झाली होती. तेव्हा कितीतरी लोकांनी गुपचूप लॉकेटं काढून ठेवली.

गडवाट

भीतीनं काढलेलं लॉकेट भीती सरली की परत गळ्यात येतं. मला धाक नको, कारण पाहिजे. कारागीरदादांचं म्हणणं मात्र विचारात पाडणारं आहे. माझ्या काकांचा फोटो असाच कुणाच्या मोबाईलमध्ये असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तरी वनखात्याला देणं जिवावर येतं. तिथं ते पोत्यात पडेल, नाहीतर जाळतील.

जंगलवाटा

जाळण्यावरून एक गोष्ट सांगतो. तिबेटी लोकांत सणासुदीच्या झग्यांना वाघ-बिबट्याच्या कातड्याचे काठ लावायची मोठी हौस होती. आपल्या देशातली कितीतरी कातडी तिकडंच जायची. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातल्या अमरावतीत कालचक्र या बौद्ध सोहळ्याच्या वेळी दलाई लामांनी सांगितलं, हे घालू नका. लोक गावी परतले आणि पिढीजात, प्रचंड किमतीचे झगे चौकात आणून स्वतः जाळले. तेही आजोबांचेच होते. काही वर्षांत तिथल्या जत्रांतून कातडी जवळजवळ दिसेनाशी झाली.

रंकाळ्याकाठची

काल रात्री हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. शाहूवाडीच्या दादांच्या म्हशीचं आलं तेव्हा ती थांबव म्हणाली. तिच्या माहेरी गोठा होता. मग तिनंच विचारलं, "दाखला आहे का आपल्याकडं?" नाही. बाबांनी कधी केलाच नाही. सोमवारी मी आणि दादा वकिलांकडं जाणार आहोत.

तिचं एकच मागणं आहे, बाळाच्या गळ्यात वाघनख पाहिजे. साजातल्यासारखं, सोन्याचं. कोंदणाचं सोनं मोडून होईल का? गुजरीतले दादा, बारशाला तीन आठवडे आहेत.

गुजरीतला कारागीर

होईल. पण ताई, ते लॉकेट आहे तसं घेऊन दुकानात येऊ नका, मी हात लावणार नाही. आधी वकील, मग वनखातं, आणि नखांचं काय झालं याचा कागद हातात घ्या. सोनं परत मिळालं तर त्यातूनच घडवू, नाहीतर दोन ग्रॅममध्ये पानडी होते. साजाचा साचा वडिलांच्या वेळचा आहे माझ्याकडं. घडणावळ घेणार नाही.