मदत हवी आहे: ओआरएससाठी एक लिटरचं घरगुती माप

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या वाड्यांसाठी पावसाळ्यातल्या जुलाबांवर एक पत्रक तयार करतोय. अडलंय ते मापापाशी.

ओआरएसचं (जुलाबात गेलेलं पाणी नि क्षार भरून काढणाऱ्या साखर-मिठाच्या पुडीचं) मोठं पाकीट 1 लिटर पाण्यासाठीच असतं. लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेतात, त्यांच्यामागून पाणी शोषलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत राहते. पण तेच पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं, तर दाट द्रावण उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं, जुलाब वाढतात, आणि लहान मुलाच्या रक्तात सोडियम धोकादायक चढू शकतं. वरून साखर घातली तरी जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर 1 लिटरला सपाट 6 चहाचे चमचे साखर नि त्याच चमच्यानं सपाट अर्धा चमचा मीठ, त्याहून जास्त मीठ नको.

तांब्या घरोघरी वेगळा. बाटल्याही 750 मिलिलिटरपासून 2 लिटरपर्यंतच्या. तुमच्याकडे खात्रीचं एक लिटर कशानं मोजतात? आणि मीठ घातलेली पातळ पेज (ती उत्तमच) देताना तांदूळ-पाण्याचं प्रमाण आज्यांना कोणत्या मापात सांगता? मालवणी शब्द असतील तर तेच लिहा, पत्रकात तसेच घालू.