जुलैत आईला घेऊन परळला जायचंय, पावसाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, आमचं गाव जांबोटीच्या पुढं. आईला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात परळला टाटा रुग्णालयात न्यायचं आहे. केमोचे दोन डोस झाले, आता तिसऱ्याची तारीख मिळालीय. घरात रोप लावणी चालू असणार, भावाला शेत सोडता येणार नाही. त्यामुळं आई आणि मी, दोघीच.

पावसाला आम्ही घाबरत नाही. मलप्रभेचा उगम आमच्याच कणकुंबीचा, पावसाळ्यात इथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पण कुठल्या ओढ्याला किती पाणी चढलं की पलीकडं पाय टाकायचा नाही, हे आमच्या पोरांनाही ठाऊक असतं. मुंबईत रस्त्यावरच्या पाण्याखाली काय आहे हेच कळत नाही, मला भीती त्याची आहे.

मागच्या खेपेला, जूनच्या शेवटी, गाडी पहाटे दादरला पोचली. पूर्वेला बाहेर पडून टॅक्सी केली. दादर-परळच्या मधल्या हिंदमाता चौकाच्या अलीकडं पाणी भरलेलं बघून टॅक्सीवाल्यानं पूर्ण पैसे घेतले आणि तिथंच उतरवलं. आईला धरून मी पाण्यात उतरणार, तोच एका दुकानाच्या पायरीवरच्या म्हाताऱ्या बाईंनी ओरडून थांबवलं. "अगं, गटाराचं झाकण उघडं असलं तर दोघी जाल!" 2017 च्या ऑगस्टमध्ये तिकडंच जवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते त्यांनीच सांगितलं. तासभर त्या पायरीवर बसलो. आई काही बोलली नाही, नुसता माझा हात धरून होती.

दुसरी काळजी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून चाललं आणि पायाला जखम असली तर तो होतो म्हणतात. आईच्या टाचांना भेगा आहेत आणि केमोमुळं पांढऱ्या पेशीही कमी झाल्यात.

तर विचारायचं ते हे. कुठल्या वेळी पाणी भरणार याचा आधी काही अंदाज येतो का? दादरला उतरल्यावर पाणी असेल तर स्टेशनातच थांबावं का, आणि दोघी बायकांना तिथं पहाटे सुरक्षित आहे का? आणि एक-दोन दिवस आधी गेलो तर परळच्या जवळ राहायला कुठं मिळेल?

प्रतिसाद (परळकर)
ताई, आधी पंचांग बघा, मग हवामान. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस भरती मोठी असते, आणि मुंबईत ती दुपारी बारा-एकच्या आसपास येते. पुढं रोज पाऊण-एक तासानं सरकते. पावसाचं पाणी शेवटी समुद्रातच जायचं, पण भरती साडेचार मीटरच्या वर असेल तर ते बाहेर पडत नाही. त्याच वेळी मोठी सर आली की हिंदमाता, किंग्ज सर्कल, सायन भरतं. भरतीच्या तारखा-वेळा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. हिंदमाताला आता जमिनीखाली साठवण टाक्या केल्यात, पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी मात्र बाहेर पडूच नका.

पाणी असेल तर स्टेशनातच थांबा. महिला प्रतीक्षालयात बसा, तिकीट जवळ ठेवा. अडचण आली तर रेल्वेचा 139, पोलिसांचा 112, पाणी कुठं भरलंय ते विचारायला महापालिकेचा 1916. खोली देतो, लवकर नंबर लावून देतो म्हणणाऱ्या कुणाच्या मागं जाऊ नका, फाइल कुणाच्या हातात देऊ नका. पाण्यातल्या विजेच्या खांबापासून लांब राहा.

राहण्यासाठी दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. टाटातल्या समाजसेवा विभागात आधी बोला, जागेचं तेच सांगतील.

लेप्टोची गोळी पाण्यातून गेल्यावर 72 तासांच्या आत देतात, पण आईंना स्वतःहून काही देऊ नका, केमोच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रतिसाद (निपाणीकर)
बसचा विचार असेल तर सोडा. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत आमच्या निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, पुढं कोल्हापूरजवळ शिरोलीलाही रस्ता बंद होता. रेल्वेनंच जा. पण लोणावळा-कर्जत घाटात दरड आली की गाड्या अडकतात किंवा रद्द होतात, म्हणून दोन दिवस हातात ठेवा. आईंची औषधं चार दिवसांची जास्त घ्या, आणि ती बॅगेत नको, अंगाजवळच्या पिशवीत.

धागाकर्ती
दादा, दोघांचेही मनापासून आभार. कॅलेंडर काढून बघितलं, आमची तारीख अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी येतेय. त्यामुळं तीन दिवस आधीचं तिकीट काढलं. समाजसेवा विभागात फोन लागला, कागदपत्रं घेऊन या म्हणालेत. आईला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले, भेगांना मलम चालू केलंय. तिच्या बटव्यात माझा नंबर आणि फाइल नंबर लिहून ठेवलाय, चुकामूक झाली तर असावा म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी इथंच लिहीन. त्या पहाटे दादर पूर्वेला पाणी आहे की नाही, एवढं कुणी कळवू शकेल का?